शेळीपालन शिकायचंय? पहिल्या चौकशीपासून पहिल्या वेतापर्यंत

आमच्या गोठ्यावर महिन्याला दोन-तीन तरी तरुण मुलंमुली येतात. कुणी पदवी घेऊन घरी बसलेलं असतं, कुणाची चाकणच्या कंपनीतली नोकरी सुटलेली असते, तर कुणी लग्न होऊन गावात आलेली आणि स्वतःचं काही उभं करायला धडपडणारी असते. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, अनुदान किती मिळतं?" दुसरा: "शंभर शेळ्यांच्या शेडला खर्च किती येतो?" शिकायचं कुठे, हे फार थोडे जण विचारतात.

मीही विचारलं नव्हतं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, पावसाच्या भरवशावरची सहा एकर जमीन, आणि मी बी.कॉम. झालेली. २०१८ साली पैसे भरून एका दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच फार्मवरून बावीस शेळ्या टेम्पोत भरून आणल्या. फळ्यावर नफ्याचा तक्ता होता. पण बाहेरून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, हे दोन दिवसांत कुणी सांगितलं नाही. दहाव्या दिवशी शेळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी सुरू झालं, मग तोंडात फोड आले, मग हगवण लागली. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना होणारा साथीचा विषाणूजन्य रोग. नऊ शेळ्या गेल्या, आणि आजीच्या दावणीला वर्षानुवर्षं असलेल्या घरच्या दोन शेळ्याही गेल्या. त्या दोन शेळ्यांचं दुःख मला अजून आहे, कारण त्या माझ्या घाईमुळे गेल्या.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. माझं सांगणं एकच आहे: कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी शेळीचं एक पूर्ण वेत तुमच्या हातून पार पडलेलं असावं. माज ओळखणं, बोकड दाखवणं, गाभणपणाचे पाच महिने, व्यायणं आणि मग करडं दुधावरून तुटेपर्यंतचे तीन महिने. सगळे मिळून आठ-नऊ महिने. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. आधी पंधरा दिवस दुसऱ्याच्या गोठ्यात काढा

प्रशिक्षणाला नाव नोंदवण्याआधी गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या शेळीवाल्याकडे पंधरा दिवस जा. मोठा फार्म शोधू नका. ज्यांच्याकडे दहा-पंधरा शेळ्या आहेत आणि ज्यांचं घर त्यावर चालतं, असे लोक शोधा. पहाटे लेंडी झाडायची, पाणी भरायचं, शेळ्या चरायला न्यायच्या, संध्याकाळी करडं पाजायची. मोबदला मागू नका, उलट जाताना एखादी हिरव्या चाऱ्याची पेंढी घेऊन जा.

या पंधरा दिवसांत एक गोष्ट कळते जी कोणत्याच वर्गात कळत नाही: हे काम तुम्हाला झेपतं का. शेळीला रविवार नसतो. घरचं लग्न असो, दिवाळी असो, सकाळी सात वाजता ती ओरडणारच. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी काही जण पाचव्या-सहाव्या दिवशी थांबले. ते मला बरंच वाटलं, कारण त्यांचे लाखभर रुपये वाचले.

गावात उमेद अभियानाची (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) पशुसखी, म्हणजे जनावरांच्या प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई, असेल तर तिची ओळख करून घ्या. लसीकरणाच्या दिवशी तिच्याबरोबर वस्तीवर फिरलात तर एका दिवसात तीस-चाळीस गोठे बघून होतात.

२. प्रशिक्षण कुठे घ्यायचं

कृषी विज्ञान केंद्र: बहुतेक जिल्ह्यांत एक आणि मोठ्या जिल्ह्यांत दोन केंद्रं आहेत. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने अशी दोन आहेत. पुण्यात बारामती आणि नारायणगाव. इथले पशुसंवर्धनाचे विषय विशेषज्ञ पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेले असतात आणि पुढेही फोनवर उत्तर देतात. ग्रामीण युवकांसाठीचे वर्ग बहुधा आठवडाभराचे असतात. तारखा केंद्रात जाऊन विचारा, फलकावर लागलेल्या असतात. ३५ वर्षांच्या आतल्या तरुणांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा 'आर्या' नावाचा कार्यक्रम काही केंद्रांत चालतो. तुमच्या केंद्रात तो आहे का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था: जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून चालवली जाते, बोलीत तिला सगळे 'आरसेटी' म्हणतात. शेळीपालनाचा वर्ग साधारण दहा दिवसांचा, निवासी, राहणं-जेवण फुकट. इथला खरा फायदा म्हणजे बँकेचे कागद कसे भरायचे, प्रकल्प अहवाल कसा लिहायचा, हे बँकेचीच माणसं शिकवतात आणि नंतर दोन वर्षं तुमची चौकशी ठेवतात. बाहेर दोन हजार रुपये घेऊन कुणाचाही छापील अहवाल तुमच्या नावावर करून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाण्यापेक्षा हे दहा दिवस द्या.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ: मुख्य कार्यालय पुण्यात. पडेगाव, रांजणी, महूद, दहिवडी, तीर्थ, अंबाजोगाई, मुखेड, बिलाखेड, बोंद्री आणि पोहरा अशी राज्यभर प्रक्षेत्रं आहेत. तुमच्या जवळच्या प्रक्षेत्रावर एकदा तरी जा. शुद्ध उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी डोळ्यांखालून गेलेली असली की बाजारात कुणी सहजी फसवत नाही.

पशुवैद्यकीय महाविद्यालयं: शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर. इथेही अधूनमधून वर्ग होतात. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था शेळ्या-मेंढ्यांवर कित्येक वर्षं काम करते आहे. आणि ज्यांना हिंदीतून शिकायला आणि लांब जायला हरकत नाही, त्यांच्यासाठी मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे.

खासगी शिबिरं सगळीच वाईट नाहीत. चांगले शेळीपालक मनापासून शिकवतात. पण नाव नोंदवताना एक प्रश्न सरळ विचारा: "तुम्ही शिबिरात आलेल्यांना शेळ्या विकता का?" उत्तर हो असेल तर शिका जरूर, पण त्या दिवशी खरेदी करू नका. जो शिकवतो तोच विकतो, तेव्हा आजारांचा भाग फळ्यावर लवकर पुसला जातो. आणि "आम्ही करडं परत विकत घेऊ" असा करार कुणी पुढे केला तर तिथून निघा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच परतखरेदीच्या योजनेत किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे.

३. कागदपत्रं एकाच फाइलमध्ये

प्रशिक्षणालाही लागतात, पुढे योजनेलाही लागतात. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा.

– आधार कार्ड, पॅन कार्ड
– सातबारा आणि आठ-अ (जमीन वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, भाड्याची असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार)
– शेतकरी ओळख क्रमांक
– आधारशी जोडलेलं बँक पासबुक आणि एक रद्द केलेला धनादेश
– शाळा सोडल्याचा दाखला किंवा शेवटची गुणपत्रिका
– रहिवासी दाखला, रेशन कार्ड
– लागू असेल तर जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र
– पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो
– प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (मिळाल्यावर)

आधार, पॅन आणि सातबारा या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का, ते आजच बघा. माझ्या आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं. ते जुळवायला सात आठवडे गेले आणि तेवढ्यात अर्जाची मुदत निघून गेली. मुलींनो, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र याच फाइलमध्ये असू द्या.

४. वर्गात बसल्यावर काय करायचं

वही घ्या, पण हात मोकळे ठेवा. सादरीकरण नंतर कुणाकडूनही मिळतं, जनावराला हात लावायची संधी मात्र त्या आठ-दहा दिवसांतच असते. या चार गोष्टी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय घरी येऊ नका.

दात बघणं. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. सगळे दुधाचे, बारीक असले तर ती आदत, म्हणजे वर्षाच्या आतबाहेरची. मधले दोन मोठे आले की दोन दाती, सव्वा-दीड वर्षाची. चार दाती साधारण दोन वर्षांची, सहा दाती तीनची, आठही जुळले की चारच्या पुढची. बाजारात "पहिलारू आहे" (पहिल्या वेताची) म्हणून सांगितलेली शेळी तोंड उघडल्यावर जुळलेली निघते.

डोळा बघणं. मला हे कृषी विज्ञान केंद्रातल्या डॉक्टरांनी शिकवलं, दुसऱ्यांदा नीट प्रशिक्षण घ्यायला गेले तेव्हा. शेळीचं डोकं डाव्या काखेत धरायचं, अंगठ्याने वरची पापणी हलकेच दाबायची आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची. आतलं मांस उजेडात बघायचं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल असेल तर छान. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं. कागदासारखं पांढरं दिसलं तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत आणि आजच औषध हवं. त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून चाळीस शेळ्यांचे डोळे पाहिले. वरून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, त्यातल्या सहा आतून पांढऱ्या होत्या. तेव्हापासून दर पंधरवड्याला माझी पहिली फेरी डोळ्यांची असते.

ताप मोजणं आणि औषध पाजणं. शेळीचा नेहमीचा ताप १०२ ते १०३ फॅरेनहाइटच्या आसपास असतो, उन्हात थोडा वर जातो. औषध पाजताना तोंड फार वर उचललं तर ते श्वासनलिकेत जातं आणि शेळी ठसका लागून दगावते. मान जमिनीशी समांतर, नळी गालाच्या बाजूने, घोट-घोट.

खूर कापणं. पाच मिनिटांचं काम, पण न केल्याने शेळी लंगडते, चरत नाही आणि आटते.

आणखी एक. शिकवणाऱ्यांना नफ्याचं विचारण्याऐवजी "तुमच्या भागात शेळ्या कशाने मरतात?" हे विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नावर तासभर बोलतो.

५. चारा आधी, शेळी नंतर

प्रशिक्षणावरून आल्यावर लगेच शेळ्या आणायचा मोह होतो. थांबा. आधी चारा लावा आणि तो कापणीला येईपर्यंत, दोन-तीन महिने, शेड उभं करा.

एका मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर सुका चारा आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम खुराक लागतो. पूर्ण बंदिस्त ठेवायची असेल तर हे सगळं तुम्हाला उभं करायचं आहे. शंभर शेळ्या म्हणजे रोजचा तीन-चार क्विंटल हिरवा चारा, म्हणजे बारमाही पाण्याखालचे तीनेक एकर. शंभर शेळ्यांची स्वप्नं घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच विचारते: "एप्रिलमध्ये तुमच्या विहिरीला पाणी किती तास चालतं?"

पाच शेळ्यांसाठी चार-पाच गुंठे लसूणघास, बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, आणि थोडं मारवेल गवत पुरतं, अर्धा दिवस चरायला सोडत असाल तर. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त घालू नका, त्यातल्या विषारी घटकाने केस गळतात. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली, शेळीसाठी थेट विष आहे. तूर, हरभरा, सोयाबीन यांचं भुसकट खळ्यावरूनच साठवून ठेवा, उन्हाळ्यात त्याची किंमत कळते.

शेडवर पैसे घालू नका. लांबी पूर्व-पश्चिम, एका शेळीला आत दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर मोकळं अंगण त्याच्या दुप्पट. खाली मुरूम, भोवती जाळी, वर पत्रा आणि उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट. आमचं पहिलं शेड जुन्या वाशांचं होतं आणि त्यात करडू मेलं नाही. पुढे मोठ्या खर्चाने बांधलेली, लाकडी फळ्यांच्या मजल्याची शेडं मी रिकामी पडलेली पाहिली आहेत, कारण सगळं भांडवल बांधकामात गेलं आणि चाऱ्याला उरलं नाही.

६. पाच शेळ्या, आणि त्या कुठून आणायच्या

स्थानिक जात घ्या. मराठवाड्यात आणि आमच्याकडच्या कोरड्या भागात उस्मानाबादी, अहिल्यानगर-नाशिक-पुण्याकडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. उस्मानाबादीला जुळी होण्याचं प्रमाण चांगलं आणि ऊन-दुष्काळ सोसायची ताकद मोठी. मोबाइलवर लांब कानांच्या पांढऱ्या शेळ्या आणि लाखाचे बोकड बघून नवखी मुलं भुलतात. त्या किमती बहुतेक वेळा एक पैदासकार दुसऱ्या पैदासकाराला देतो, खाटीक देत नाही.

आठवडे बाजारातून पहिली खरेदी करू नका. चाकणचा शनिवारचा, बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बघायला जरूर जा, भाव ऐका, दात बघायचा सराव करा. पण बाजारात दहा गावांची जनावरं एकमेकांना नाक लावून उभी असतात. पहिल्या पाच शेळ्या गोठ्यावर जाऊन घ्या: आईला बघून, तिच्या मागच्या वेताला किती करडं झाली हे विचारून, आणि कानात बिल्ला आहे का ते पाहून. दोन किंवा चार दाती, एक वेत झालेली शेळी नवख्यासाठी उत्तम. सड दोनच, सारखे, कासेत गाठ नसलेले. डोळे-दात बघणं आलंच.

गाभण शेळी महाग देतात आणि प्रवासात ती गाभडण्याची भीती असते. त्यापेक्षा रिकामी घ्या आणि स्वतः बोकड दाखवा. म्हणजे वेताची तारीखही तुमच्या वहीत असेल.

घरी आणल्यावर एकवीस दिवस वेगळं. वेगळी जागा, वेगळी बादली, आणि जुन्या शेळ्यांचं काम आधी उरकून मग नव्यांकडे जायचं. हे सोपं वाटतं, पण आठव्या दिवशी सगळ्या छान खेळायला लागल्या की "आता काय होतंय" असं वाटतं. माझ्या नऊ शेळ्या दहाव्या दिवसानंतर गेल्या, हे आठवा.

७. पहिलं वेत

शेळी अठरा ते एकवीस दिवसांनी माजावर येते. सारखी ओरडते, शेपटी हलवते, दूध आणि खाणं कमी करते. माज सुरू झाल्यावर बारा तासांनी बोकड दाखवायचा. तारीख भिंतीवरच लिहा. त्यापुढे साधारण १५० दिवस मोजा. शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवायचा, कारण करडाची खरी वाढ तेव्हाच होते.

माझ्या हातचं पहिलं वेत माघातल्या थंडीत, रात्री अडीचला झालं. वस्तीवरच्या एक आजी बोलावल्याबरोबर घोंगडी पांघरून आल्या. शेळी पाय खरवडत होती, उठत-बसत होती. मी सारखी पुढे होत होते आणि आजी माझा हात मागे ओढत होत्या. "तिला तिचं काम करू दे. पाणमोट फुटून तासभर गेला आणि काही दिसलं नाही, तर मग आपण." आधी दोन खूर दिसले, त्यावर टेकलेलं नाक दिसलं, आणि आजी म्हणाल्या, "सरळ आहे." करडू बाहेर आलं तेव्हा त्यांनी बोटाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकपुडीत हलकंसं गुदगुल्या केल्या. ते शिंकलं. मग त्याला आईच्या तोंडाजवळ ठेवलं. दुसरं करडू वीस मिनिटांनी आलं.

बाकीचं क्रमाने सांगते. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून स्वच्छ धाग्याने बांधायची, नव्या पात्याने कापायची, टोक आयोडीनमध्ये बुडवायचं. तासाभराच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. करडू उभं राहत नसेल तर सड पिळून पहिली चिकट बुची काढा आणि तोंडात धरा. "वार (व्यायल्यावर बाहेर पडणारं गर्भाचं वेष्टन) पडेपर्यंत चीक देऊ नये" असं काही घरांत मानतात, ते ऐकू नका. चीक पाजल्याने वार लवकर पडायला मदतच होते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात दोनशे मिलिलिटर तरी चीक मिळावा, थोडा-थोडा करून. वार स्वतःहून पडू द्या, ओढू नका. बारा तास झाले तरी पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये आणि गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा.

पहिला महिना थंडी, ओल आणि हगवण यांचा आहे. खाली कोरडं गोणपाट, रात्री आडोसा. दर पंधरा दिवसांनी करडांचं वजन. तीन महिन्यांनी दूध तोडायचं.

हे सगळं पार पडलं, तुमच्या पाच शेळ्यांची सहा-सात करडं उड्या मारायला लागली, की तुम्ही शंभर शेळ्यांचा विचार करायला मोकळे आहात. किंवा नाही करायचा, हे ठरवायलाही.

८. लसी आणि वही

पीपीआर: करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, पुढे तीन वर्षांतून एकदा. आंत्रविषार: दरवर्षी पावसाळ्याआधी. पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा हवीच. पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत भरपेट खाल्लं की हाच रोग गोठ्यातल्या सगळ्यांत धडधाकट शेळ्या एका रात्रीत नेतो, म्हणून मे महिन्यातच लस उरका. घटसर्पही पावसाळ्याआधी, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, देवी वर्षातून एकदा. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वजनावर. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात देत नाहीत. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

वहीत प्रत्येक शेळीला एक पान: बिल्ला क्रमांक, बोकड दाखवल्याची तारीख, वेत, करडं, वजन, लस, औषध, विक्री. मागच्या पानावर रोजचा खर्च, घरच्या चाऱ्याचीही किंमत लावून. बँकेत मी अर्ज घेऊन गेले तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी प्रकल्प अहवाल चाळला आणि बाजूला ठेवला. वही मात्र वीस मिनिटं वाचली.

९. आता कर्ज आणि अनुदान

राज्याची नावीन्यपूर्ण योजना: दहा शेळ्या आणि एक बोकड. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या महाबीएमएस संकेतस्थळावर. नवख्यासाठी हीच योग्य पायरी आहे.

राष्ट्रीय पशुधन अभियानातली उद्योजकता योजना, २०२१ पासूनची: १०० शेळ्या व ५ बोकडांपासून ५०० शेळ्या व २५ बोकडांपर्यंत. अनुदान ५० टक्के, आकारमानानुसार जास्तीत जास्त १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत. इथे खूप जण अडकतात, म्हणून नीट वाचा. पैसे आधी हातात येत नाहीत. बँकेचं कर्ज मंजूर होऊन काम सुरू झाल्यावर पहिला हप्ता, प्रकल्प पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर दुसरा. मधल्या काळातलं व्याज आणि चारा तुमच्या खिशातून. "अनुदान मिळवून देतो" म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो.

खेळत्या भांडवलासाठी पशुपालकांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही. विमा घ्या. शेळी मेली तर बिल्ल्यासकट तशीच ठेवा आणि डॉक्टरांकडून शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका, नाहीतर दावा फेटाळला जातो.

१०. विक्री, वजनावरच

हजार-दीड हजाराचा टांगता काटा पहिल्याच महिन्यात घ्या. आमच्याकडे व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि उक्ता भाव सांगतो. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तो नवख्याला कळतही नाही. माझ्या पहिल्या बोकडाला दारात सात हजार सांगितले होते. काट्यावर तो ३१ किलो भरला. त्या आठवड्यात आमच्या भागात जिवंत वजनाला किलोमागे ३५० चा दर चालू होता, म्हणजे १०,८५०. व्यापारी तोच होता, पुढच्या फेरीला त्याने तेवढेच मोजले.

बकरी ईदसाठी बोकड तयार करायचे असतील तर उलटं मोजा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. कुर्बानीचा बोकड वर्ष पूर्ण केलेला लागतो, आणि घेणारे दोन दात बघतातच. म्हणजे जन्म ईदच्या पंधरा-सोळा महिने आधी, आणि शेळीला बोकड दाखवायचा त्याच्याही पाच महिने आधी. शिंग मोडलेला, कान फाटलेला बोकड चालत नाही, म्हणून त्या गटातले बोकड शेवटचे सहा महिने वेगळे ठेवा आणि जाळीला कुठे तार निघालेली नाही ना, ते रोज संध्याकाळी हात फिरवून बघा.